बंदूक, परवाना आणि हद्द: वाचकांचे प्रश्न

आंबा-काजूचा हंगाम जवळ आला की शेतीसंरक्षण बंदुकीबद्दलची पत्रे वाढतात. यावेळी परवान्याची बंदूक घेऊन जिल्ह्याबाहेर किंवा गोव्यात जाण्याबद्दलही बरेच जण विचारत आहेत. उत्तरे शस्त्र अधिनियम १९५९, त्यातली २०१९ ची दुरुस्ती आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या आधारे दिली आहेत.

माझ्याकडे स्वसंरक्षणासाठी .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना आहे. रोख रक्कम घेऊन मालवणहून पणजीला, कधी बेळगावला जावे लागते. रिव्हॉल्व्हर शर्टाखाली लपवून ठेवायला वेगळी परवानगी लागते का? गोव्यात हा परवाना चालतो का? (हॉटेल व्यावसायिक, मालवण)

लपवून बाळगण्याचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. तो अमेरिकेतला प्रकार आहे. आपल्याकडे नियम नेमका उलटा आहे: सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उघडे दिसता कामा नये. रिव्हॉल्व्हर असेल तर होल्स्टरमध्ये आणि झाकलेले, लांब नळीची बंदूक असेल तर खोळीत. कोणाला दिसेल असे कमरेला लावून बाजारात हिंडणे किंवा टेबलावर काढून ठेवणे हा परवान्याच्या अटींचा भंग आहे.

खरी अडचण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. परवाना काढून त्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ असेल तर गोवा दूरच, खारेपाटण ओलांडून राजापुरातही ते रिव्हॉल्व्हर नेता येत नाही. ‘महाराष्ट्र राज्य’ असेल तर बांद्यापर्यंत ठीक. पत्रादेवीला गोवा सुरू झाला की परवाना संपला. राज्याची हद्द सगळ्यांच्या लक्षात असते, जिल्ह्याची कोणी बघत नाही, आणि बहुतेक जण तिथेच फसतात.

परवान्याच्या अटी मोडल्यास कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हद्दीबाहेर परवानाच नाही असे धरून कलम २५ लावले तर प्रकरण फार गंभीर होते. बिनपरवाना बंदुकीला २०१९ नंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे.

उपाय दोन आहेत. वारंवार जाणे असेल तर क्षेत्रवाढीचा अर्ज ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्यालयात, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे द्या. राज्याबाहेरचे क्षेत्र मागितले की तो गृह विभागाकडे जातो, त्यामुळे वेळ लागतो. ‘धंद्यासाठी जावे लागते’ एवढे एक वाक्य लिहून हा अर्ज मंजूर होत नाही. कोणत्या बँकेत भरणा करता, महिन्यातून किती फेऱ्या होतात, याची कागदपत्रे जोडा: जीएसटी नोंदणी, बँकेचे उतारे, धमकी आली असेल तर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत. एखाद्याच फेरीचा प्रश्न असेल तर प्रवासापुरता परवाना मागा. त्यात शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या, जायचा-यायचा रस्ता आणि तारखा लिहाव्या लागतात. किमान महिनाभर आधी अर्ज द्या.

बेळगावला गोव्यातून अनमोड घाटाने जात असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. मोले इथला तो रस्ता भगवान महावीर अभयारण्यातून जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, परवाना अख्ख्या भारताचा असला तरी. कणकवलीहून फोंडाघाट चढून राधानगरी अभयारण्याच्या बाजूला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

परवान्याची मूळ प्रत नेहमी सोबत हवी. कोणताही पोलीस अधिकारी ती मागू शकतो. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

कलमांच्या बागेत केलडी (लाल तोंडाची माकडे) आणि वांदरांनी उच्छाद मांडला आहे, रात्री डुक्कर येतात. शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना कसा काढायचा? (बागायतदार, देवगड तालुका)

वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. अर्ज केंद्राच्या शस्त्रपरवान्यांसाठीच्या एनडीएएल-एएलआयएस या संकेतस्थळावर नमुना ए-१ मध्ये भरायचा, त्याची छापील प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. चार फोटो, आधार, जन्मतारखेचा आणि रहिवासाचा पुरावा, नमुना एस-३ मधले डॉक्टरांचे शारीरिक व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, हे सर्वांनाच लागते. शेतीसाठी त्यात सातबारा, आठ-अ आणि नुकसानीचा पुरावा येतो.

कोकणात अर्ज सातबाऱ्यावर अडतो. आजोबांच्या नावाचा सामाईक उतारा, त्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. तुमचे नाव उताऱ्यावर असेल तर इतरांची संमतिपत्रे आधीच गोळा करा. नाव अजून चढलेच नसेल तर आधी वारस नोंद, मग अर्ज. उताऱ्यावरचे आणि आधारवरचे नाव अक्षरश: जुळले पाहिजे. एकात फक्त वडिलांचे नाव आणि दुसऱ्यात आडनाव असले की फाईल परत येते.

नुकसानीचा सर्वात भक्कम पुरावा म्हणजे पंचनामा. वन्यप्राण्यांनी नुकसान केले की भरपाईचा अर्ज करा. भरपाई किती मिळेल ते नंतर बघू, पण त्या निमित्ताने होणारा पंचनामा परवान्याच्या फाईलला जोडता येतो. दोन हंगामांचे पंचनामे असतील तर ‘गरज काय?’ हा प्रश्न उरत नाही.

मग पोलिसांची चौकशी होते. अहवालाला नियमाने ३० दिवसांची मुदत आहे. तो आलाच नाही तर त्याच्याशिवाय निर्णय घेण्याचा अधिकार कलम १३ मध्ये प्राधिकाऱ्याला आहे, याचा उल्लेख स्मरणपत्रात जरूर करा. नकार आला तर कारणांची प्रत लेखी मागा आणि ३० दिवसांत अपील करा. मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे.

कायद्याप्रमाणे शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळते, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची. तिने भागत नाही हे दाखवता आले तर गुळगुळीत नळीची काडतुसाची बंदूकही देता येते, म्हणजे बारा बोअर. ती मागायची असेल तर पहिल्याच अर्जात कारण लिहा. बागेचे क्षेत्र, उतार, रात्रीचा वावर, आणि पावसाळी हवेत दारू सर्दावून ठासणीचा बार वेळेवर न उडणे, ही सगळी खरी कारणे आहेत.

तुमचे गाव एखाद्या अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल, तर नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. रायगडात फणसाडच्या आसपासच्या गावांना आणि सिंधुदुर्गात राधानगरीलगतच्या घाटमाथ्याखालच्या गावांना हे लागू होते. हे माहीत नसल्याने अनेक फायली वनखात्यात अडकून राहतात. तुम्ही स्वत: तिथे पाठपुरावा करा.

आता बंदूक मिळाल्यावरचे. परवाना बंदूक बाळगायचा आहे, जनावर मारायचा नव्हे. केलडी, वांदर, गवा, बिबट्या हे सगळे संरक्षित आहेत. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहे. पिकाची नासाडी करणारा डुक्कर मारायलाही वनखात्याची आधी लेखी परवानगी हवी. त्याशिवाय तुम्हाला करता येते ते म्हणजे मोकळा बार काढून हाकलणे.

ठासणीच्या बंदुकीचा एक धोका वेगळा सांगायला हवा. काडतुसाची बंदूक मधून उघडली की काडतूस हातात येते. ठासणीची तशी रिकामी होत नाही. बार पेटवणारी टोपी काढली तरी दारू आणि छर्रे नळीत तसेच असतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की बंदूक रिकामी आहे. भरलेली बंदूक पडवीत कोपऱ्यात उभी ठेवायची सवय सोडा. रिकामी आहे का ते गजाने (नळीत दारू ठासायच्या दांड्याने) पाहता येते: रिकाम्या नळीत गज तळापर्यंत किती जातो त्याची खूण एकदाच गजावर करून ठेवा. गज खुणेच्या आधीच थांबला तर नळी भरलेली आहे. चाप ओढूनही बार उडाला नाही तर लगेच नळीत डोकावू नका. तोंड मोकळ्या बाजूला धरून निदान मिनिटभर थांबा. सर्दावलेली दारू उशिरा पेट घेते.

मी मुंबईत असतो. बागेतल्या राखणदाराकडे माझी बंदूक ठेवली तर चालेल का? (चाकरमानी, रत्नागिरी तालुका)

नाही. परवाना नसलेल्या माणसाला बंदूक नेता येते ती फक्त परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तीही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. राखण त्यात बसत नाही. तुम्ही नसताना राखणदाराने वापरायची असेल तर त्याचे नाव रीतसर परवान्यावर चढवून घ्या. नाहीतर तुम्ही गावात नसताना ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे पावती घेऊन जमा ठेवा. मोठ्या बागांत राखणदार दर हंगामाला बदलतात, हे लक्षात घेतले तर यात ढिलाई का नको ते कळेल.

वडील वारले. त्यांची डबल बार (दोन नळ्यांची बंदूक) माळ्यावर आहे. आम्ही तिघे भाऊ ठाण्यात. बंदूक ठाण्याला आणून परवाना माझ्या नावावर करता येईल का? (खेड तालुका)

बंदूक माळ्यावरून काढून गाडीत घालू नका. वडिलांबरोबर परवानाही संपला. आज ती बंदूक कोणाच्याच परवान्यावर नाही, आणि कशेडी घाट उतरण्याआधी तपासणी झाली तर तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. कलम २१ प्रमाणे वारसांनी ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायची असते. जाण्यापूर्वी पोलिसांना कळवा. त्यांनी घरी येऊन ताब्यात घेतली तर उत्तम. काडतुसे मोजून द्या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि नळीवर कोरलेला क्रमांक एकच आहे ना ते स्वत: वाचून बघा, कारण जुन्या परवान्यांत आकडे चुकलेले सापडतात.

मग तुम्ही वारस म्हणून अर्ज करू शकता. मृत्यूचा दाखला, दोन्ही भावांचे आणि आईचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडा. अर्ज तुम्ही जिथे राहता तिथल्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ठाण्यात पोलीस आयुक्तांकडे. कोणालाच बंदूक नको असेल तर ती विक्रेत्यामार्फत निकाली काढता येते.

ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी इतके थांबू नये. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असली, यातले जे आधी होईल त्यानंतर ती त्याच्या हयातीतच वारसाकडे देता येते. आणि जुन्या पुस्तकावर यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे ना ते आजच पाहा. तो नसेल तर परवाना वैध धरला जात नाही.

निवृत्तीनंतर मुंबईहून गुहागरला कायमचा आलो. परवाना मुंबई पोलीस आयुक्तांचा आहे. काही करावे लागते का?

होय. पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत नव्या ठिकाणच्या प्राधिकाऱ्याला, म्हणजे रत्नागिरीच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना कळवून परवाना आणि शस्त्र दाखवून नोंद करून घ्या. पुढचे नूतनीकरण मग इथेच होईल. मुदत आता पाच वर्षांची असते. ती संपायच्या दोन-तीन महिने आधीच अर्ज टाका.

दर निवडणुकीला सरसकट बंदुका जमा करायला सांगतात आणि नेमकी काजू-आंब्याची राखण असते. नकार देता येतो का? (कुडाळ तालुका)

नोटीस आली असेल तर जमा न करता बसू नका, पण सूट मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्हास्तरावर छाननी समिती असते आणि तिने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करायचा असतो. गुन्हे नोंदलेले, जामिनावर सुटलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले यांच्यावर आधी लक्ष असते. तुमच्यावर काही गुन्हा नसेल तर आचारसंहिता लागताच सातबारा, पंचनामे आणि परवान्याची प्रत जोडून समितीकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. जमा केलीच तर दारू-काडतुसांसह पावती घ्या. परत मिळाल्यावर नळी आतून पाहा. दमट कोठीत महिना-दीड महिना पडलेल्या बंदुकीला गंज चढतोच.

शिमग्याला पालखीपुढे परवान्याच्या बंदुकीचा बार काढायची आमच्या गावची जुनी प्रथा आहे. (संगमेश्वर तालुका)

परवान्याच्या अटींत जत्रा, धार्मिक मिरवणूक आणि सार्वजनिक जमाव इथे शस्त्र न नेण्याची अट असते. शिवाय २०१९ पासून आनंदाच्या भरात जीव धोक्यात येईल असा गोळीबार करण्यावर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. देवस्थानाने जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज करावा. परवानगी नाही मिळाली तर बार नको. गर्दीत नळी कोणाकडे वळेल ते सांगता येत नाही.

मुलगा टेक्सासमध्ये एच-१बी व्हिसावर आहे. तिथे २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते म्हणतो. गाडीने दुसऱ्या राज्यात नेता येईल का? (दापोली)

टेक्सासचा तो कायदा खरा आहे, १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. पण तो ज्यांना मुळात बंदूक बाळगता येते त्यांच्यासाठी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानेच बंदी आहे. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ तिथल्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो स्वत:च्या भरवशावर लावू नका. वकिलाला विचारल्याशिवाय मुलाने काही विकत घेऊ नये. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही.

ग्रीन कार्ड असलेल्यांनाही राज्याच्या सीमेवर थांबून विचार करावा लागतो. टेक्सासचा परवाना कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय ही राज्ये मानत नाहीत. १९८६ चा केंद्रीय कायदा अशा राज्यातून फक्त पार होण्याची मुभा देतो, आणि तीही दोन्ही टोकांना बंदूक कायदेशीर असेल, ती रिकामी असेल आणि बसल्या जागेवरून हाती लागणार नाही अशी ठेवली असेल तरच. डिकी नसलेल्या गाडीत ती कुलूपबंद पेटीत हवी, आणि समोरचा ग्लोव्ह बॉक्स त्यात धरला जात नाही.

मुलगा सुट्टीला येईल तेव्हा बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झाडायला सांगा. रेंजवर वापरलेल्या बॅगेच्या अस्तरात राहिलेले एक काडतूस गोव्यातल्या मोपा किंवा मुंबई विमानतळावरच्या तपासणीत दिसले, तर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदला जातो.