वाचकांचे प्रश्न : अनोळखी फोन आणि फसवणूक

प्रश्न : अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आमचा नंबर इंटरनेटवर असल्यामुळे दिवसभर अनोळखी फोन येतात आणि ते न उचलून चालत नाही. गेल्या आठवड्यात स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणाऱ्या एकाने युनिटसाठी दोनशे टॉवेल मागवले आणि ‘आगाऊ रक्कम देतो, मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगितले. मुलाला संशय आल्याने आम्ही थांबलो. असा फोन सुरुवातीलाच कसा ओळखावा?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : मुलाने वेळीच थांबवले हे फार चांगले झाले. लष्कराचे नाव सांगून व्यापाऱ्यांना लुबाडण्याचा हा प्रकार देशात अनेक ठिकाणी घडला असून, त्यात गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्राची प्रतही व्हॉट्सअ‍ॅपवर तत्परतेने पाठवली जाते. यूपीआयमध्ये क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. विश्वास बसावा म्हणून ही माणसे आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवतात आणि मग मोठ्या रकमेचा कोड पुढे करतात. जादा रक्कम जमा झाल्याचा बनावट एसएमएस पाठवून ‘फरक परत करा’ असा तगादा लावणे, हा याच प्रकाराचा दुसरा अवतार होय. अशा वेळी एसएमएसवर न जाता बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत शिल्लक पाहावी.

नंबरावरून थोडेफार कळते. जाहिरातींच्या फोनसाठी १४० ने, तर बँका व वित्तसंस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे साध्या दहा अंकी मोबाइलवरून कोणी ‘बँकेतून बोलतो’ म्हणाले, तर फोन ठेवून पासबुकावरील क्रमांकावर आपण स्वतः विचारणा करावी. ट्रूकॉलरवर दिसणारे नाव हा पुरावा मानू नये, कारण तेथे कोणालाही हवे ते नाव लावून घेता येते.

आपल्या धंद्यात मात्र नंबरापेक्षा बोलण्यावरून अधिक उलगडा होतो. खरे गिऱ्हाईक टॉवेलचे माप विचारते, जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) विचारते, रंग धुण्यात जाईल का याची खात्री करते, सॅम्पल मागते, भावात घासाघीस करते, ट्रान्सपोर्टचा खर्च कोणाकडे हे ठरवते आणि त्यानंतर पैशांकडे वळते. लुबाडणाऱ्याला मालाशी काहीच देणेघेणे नसल्यामुळे तो आपण सांगाल तो भाव मान्य करून लगेच पैशांवर येतो. सोलापुरात तरी भाव न करणारे ठोक गिऱ्हाईक विरळाच! अशा माणसाकडे लेखी पर्चेस ऑर्डर मागावी. व्यापारी असल्यास पंधरा अंकाक्षरी जीएसटी क्रमांक घेऊन तो जीएसटीच्या संकेतस्थळावर पडताळावा. संशयित नंबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत कळवावा.

प्रश्न : कर्जाच्या आणि प्लॉटच्या जाहिरातींचे फोन बंद कसे करावेत?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : १९०९ वर फोन करून डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी) नोंदणी करावी. त्यानंतरही फोन आल्यास सात दिवसांच्या आत त्याच क्रमांकावर तक्रार करता येते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना पोलिसांच्या वेशातील माणसाने व्हिडिओ कॉल करून ‘तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, घरात कोणाला सांगू नका’ असे धमकावले. त्यांनी घाबरून पैसे पाठवले आणि दोन दिवसांनी आम्हाला सांगितले. आता उपयोग होईल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : होईल, पण हे वाचण्याचीही वाट न पाहता, अजून केला नसल्यास, १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. रकमा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवल्या जातात आणि मधल्या एखाद्या खात्यात पैसे शिल्लक असतील तेवढेच गोठवता येतात, म्हणून प्रत्येक तास मोलाचा असतो. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचे नाव जवळ ठेवावे. आपल्या बँकेलाही लेखी कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचे असते आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. शहरातील किंवा ग्रामीण भागातील, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही आणि पोलीस तपासासाठी आपल्या खात्यातील पैसे मागवत नाहीत. हे सासूबाईंना शांतपणे समजावून सांगावे आणि कृपया त्यांना दोष देऊ नये, कारण ‘घरात बोलतील’ या धास्तीनेच त्यांचे दोन दिवस गेले आहेत. यापुढे ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असाही फोन येण्याची शक्यता आहे. तोही फसवणुकीचाच भाग समजावा. १९३० वर तक्रार नोंदवण्यासाठी काहीही पैसे लागत नाहीत.