रिपोर्टात ‘लीजन’ आलंय, म्हणजे कॅन्सरच का?

‘‘मॅडम, पोराला कॅन्सर हाय काय? खरं सांगा बगा.’’ खानापूरकडच्या या ताई माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या. पोरगं तेरा वर्षांचं, तालमीत जाणारं. गुडघा मुरगळला म्हणून एक्स-रे काढला, तर गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात डाग निघाला. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातल्या पाट्या कन्नडात. पुतण्यानं मोबाइलवर ‘लिटिक लीजन’ शोधलं आणि घरातली चूल थंडावली.

लीजन म्हणजे हाडाचा बदललेला भाग, लिटिक म्हणजे तिथलं हाड विरलेलं, एवढंच. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून त्यांना काळपट डागाभोवतीची बारीक पांढरी रेघ दाखवली. डाग सावकाश वाढतो तेव्हा हाडाला आपल्या बाजूनं अशी कड बांधायला सवड मिळते. कड पुसट, हाड कुरतडलेलं, बाहेर नव्या हाडाचे थर किंवा किरणांसारख्या रेषा दिसल्या, तर मात्र डॉक्टर थांबत नाहीत. याच वयात, गुडघ्याजवळच ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर जास्त आढळतो, म्हणून नुसता धीर देऊन भागत नाही.

इथं होता नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे कॅन्सर नसलेला डाग. वाढत्या मुलांत नेहमी सापडणारा, बहुधा वयाबरोबर आपोआप भरून येणारा.

‘‘मग तुकडा काढून बगा की, खात्री तरी हुईल.’’ खरं समुपदेशन इथून सुरू झालं. काही न करणं आईला हयगय वाटते. पण चित्र इतकं स्पष्ट असताना हाडाला भोक पाडून हाती काही लागत नाही. रेडिओलॉजिस्ट अशा डागांना ‘हात लावू नका’ गटातच टाकतात. बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, खरंच लागली, तर जिथं ऑपरेशन होणार तिथल्याच टीमशी बोलून करावी, कारण कॅन्सर निघाला तर सुई गेली ती वाटही पुढं ऑपरेशनमध्ये काढून टाकावी लागू शकते.

मामांचा आग्रह होता चोळून घ्यायचा. त्याला मी साफ नाही म्हटलं.

कागदावर एवढंच लिहून दिलं: रात्री ठणका, विश्रांतीनंही न थांबणारी दुखणी, वाढती सूज. यातलं काही असलं तर आधीच्या एक्स-रेवर विसंबून राहू नका. हाडातलं खनिज बरंच झिजल्याशिवाय एक्स-रेत बदल दिसत नाही, एमआरआयमध्ये आधी दिसतो.

‘‘मग कुस्ती?’’ ते मी कोण ठरवणार! डाग मोठा असेल तर हाड मोडायची भीती असते. डॉक्टरांनी रुंदी मोजली, मुरगळ बरी झाल्यावर हरकत नाही म्हणाले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे सांगितला.