साबणातलं ग्लूटेन: कुणी टाळायचं?

प्रश्न: मला सीलिअॅक आहे. गहू बंद केला तरी हातांना खाज सुटते. साबण, शांपूही ग्लूटेनमुक्त घ्यावेत का?

उत्तर: सीलिअॅक या आजारात ग्लूटेन, म्हणजे गहू, जव, राय यांतलं प्रथिन, आतड्यात पोचल्यावर त्रास होतो. त्याचे रेणू मोठे असल्याने धडधाकट त्वचेतून ते आत शिरत नाहीत. म्हणून अंगाचा साबण बदलायची घाई नको. तोंडात जाणाऱ्या गोष्टी मात्र नक्की तपासा: लिप बाम, लिपस्टिक, टूथपेस्ट, माउथवॉश. हाताचं क्रीमही, कारण ते लावून आपण तसेच जेवायला बसतो. घटकांच्या यादीत ट्रिटिकम म्हणजे गहू, होर्डियम म्हणजे जव, सेकेल म्हणजे राय.

हातांच्या खाजेमागे बहुधा सुगंधद्रव्यं, मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे वस्तू खराब होऊ न देणारं संरक्षक किंवा फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असतं. आधी ही तीन टाळून पाहा. नवं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. साबण मात्र असा लावून ठेवू नका. तो धुतला नाही तर कुणाच्याही त्वचेची आग होईल. कोपर, गुडघे, नितंबांवर खाजरे फोड येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो सीलिअॅकचाच त्वचाविकार असू शकतो आणि त्याचं मूळ खाण्यात असतं, साबणात नाही.

गव्हाची अॅलर्जी असेल तर गोष्ट निराळी. केस मऊ राहावेत म्हणून शांपू-कंडिशनरमध्ये हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, म्हणजे तुकडे केलेलं गव्हाचं प्रथिन, घालतात. अॅलर्जी असलेल्यांनी ते टाळावंच आणि वरची कोपराची चाचणीही घरी करू नये. जपानमध्ये असं प्रथिन असलेला चेहऱ्याचा साबण वापरून दोन हजारांवर लोकांना गव्हाची अॅलर्जी जडली. गव्हाचं खाऊन व्यायाम केला की काहींना श्वास घेणं कठीण होई. २०११ मध्ये तो साबण परत मागवला गेला. फेसाने त्वचेचं कवच सैल होत होतं आणि प्रथिनाचे तुकडे मोठे राहिले होते. युरोपीय संघाने म्हणूनच २०१७ च्या नियमात या तुकड्यांच्या सरासरी रेणुभाराला, म्हणजे त्यांच्या आकाराला, ३.५ किलोडाल्टनची मर्यादा घातली.

प्रश्न: ‘हायपोअॅलर्जेनिक’, म्हणजे अॅलर्जीची शक्यता कमी, असं लिहिलेलं पुरेसं आहे का?

उत्तर: नाही. त्यावरून ग्लूटेनबद्दल काहीच कळत नाही. ‘अनसेंटेड’ (वास नसलेलं) यावरही विसंबू नका, मूळ वास झाकायला त्यात सुगंधद्रव्य घातलेलं असू शकतं. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ (सुगंधद्रव्य न घातलेलं) शोधा आणि तरीही घटकांची यादी वाचा. नेहमीच्या वस्तूचीही नवी बाटली घेताना ती पुन्हा वाचा, बनवण्याची कृती न सांगता बदलते.