पक्ष्याच्या पोटातून जाणारे बी: वन्यजीवांसाठी झाडे वाढवणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

वन्यजीवांना आसरा आणि अन्न मिळावे या हेतूने बियांपासून झाडे वाढवणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना मी एक पद्धत पाळली आहे. बी कसे हाताळावे हे ठरवण्यापूर्वी, रानात ते कोण खातो, कोण वाहून नेतो आणि कोठे टाकतो, हे आधी पाहायचे. बहुतेक अडचणींचा उलगडा तेथेच होतो.

प्रश्न: बहाव्याच्या बिया सलग दोन वर्षे पेरल्या. एकही उगवली नाही आणि माती उकरली तेव्हा त्या जशाच्या तशा सापडल्या, कुजल्याही नव्हत्या. बी पोचट असेल का?

बी कुजले नाही, म्हणजे ते बहुधा उत्तम आहे. पोचट किंवा मेलेले बी ओल्या मातीत फार दिवस टिकत नाही, बुरशी त्याचा ताबा घेते. आपल्या बियांच्या कवचातून पाणीच आत शिरलेले नाही, म्हणून त्या नुसत्या पडून राहिल्या. बहावा, खैर, बाभूळ, शिरीष अशा शेंगा धरणाऱ्या अनेक झाडांत हा प्रकार दिसतो. बहाव्याच्या शेंगेत पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे असतात आणि पडद्यांना काळा, चिकट, गोड गर लागलेला असतो. त्या गरासाठी माकडे, कोल्हे आणि अस्वले शेंगा फोडतात, गराबरोबर बीही गिळले जाते, आणि दातांच्या घासण्याने व पोटातल्या पाचक रसांनी कवच थोडे झिजते. हे काम आता आपल्याला हाताने करायचे आहे.

बिया थोड्या असतील तर खरखरीत पॉलिश पेपरवर एकेक बी घासावे. टोकाकडे कोंबाचे मूळ असते, म्हणून तेथे हात लावू नये. कडेला घासावे आणि तपकिरी कवचाखालचा फिकट भाग दिसताच थांबावे. नंतर बिया रात्रभर पाण्यात ठेवाव्यात. सकाळी काही बिया फुगून जवळजवळ दुप्पट झालेल्या दिसतील आणि बोटाने दाबल्यावर कवच सैल लागेल. तेवढ्याच पेराव्यात. ज्या टणक राहिल्या त्या पुन्हा घासाव्यात. बिया पुष्कळ असतील तर पाणी उकळून भांडे आचेवरून उतरवावे, त्यात बिया टाकाव्यात आणि पाणी निवून गेल्यावरही दिवसभर तशाच राहू द्याव्यात. बिया टाकून पाणी उकळत ठेवणे मात्र टाळावे, कारण त्यात अंकुर शिजतो. प्रत्येक झाडाच्या बियांचा चिवटपणा निराळा असल्यामुळे आधी दहा-वीस बियांवर प्रयोग करावा, हे मी आग्रहाने सांगतो.

प्रश्न: जांभळाच्या बिया धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून बरणीत ठेवल्या आणि पुढच्या वर्षी पेरल्या. काहीच उगवले नाही. कोठे चुकले?

वाळवण्यात चुकले. बियांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. बीजशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी 1973 मध्ये ही विभागणी मांडली आणि आजही बियांची साठवण तिच्यावरच आधारलेली आहे. पहिल्या गटातले बी वाळवले तरी जिवंत राहते. बियांच्या पेढ्यांमध्ये असे बी वाळवून उणे 20 अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे ठेवले जाते. दुसऱ्या गटातले बी वाळले की मरते. जांभूळ, आंबा, फणस हे दुसऱ्या गटातले. साल वृक्षाचे बी तर झाडावरून पडल्यापासून आठवडा-दीड आठवडाच तग धरते.

याचेही कारण रानातच आहे. ही फळे पावसाच्या तोंडावर किंवा पावसात पिकतात, पक्षी आणि वटवाघळे गर खाऊन बी ओल्या जमिनीवर टाकतात, आणि ते लगेच रुजते. वाट पाहण्याची तयारी त्या बियांत नसतेच. म्हणून जांभळाचे बी गर धुऊन आठ-दहा दिवसांत पेरून टाकावे, फार तर ओलसर भुश्शात सावलीत ठेवावे. एकाच बियांतून दोन-तीन कोंब आले तर दचकू नये. जांभळाच्या एका बियांत अनेकदा एकाहून अधिक गर्भ असतात. जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढावेत.

प्रश्न: आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडते. ओकची फळे लगेच पेरावीत की वसंतात?

ओकच्या जातीवर ते अवलंबून आहे. पांढऱ्या ओकच्या गटातली फळे शरद ऋतूतच मूळ सोडतात, म्हणून ती गोळा करताच पेरावीत. तांबड्या ओकच्या गटाला मात्र थंडी सोसावी लागते. ती ओलसर वाळूत, 1 ते 5 अंश सेल्सिअसला, साधारण दोन ते चार महिने ठेवून वसंतात पेरली की उगवण चांगली होते. ओकचे बीही वाळले की मरते, हे दोन्हीकडे लक्षात ठेवावे. पेरण्यापूर्वी फळे पाण्यात टाकावीत. तरंगणारी बहुधा भुंग्याच्या अळीने पोखरलेली किंवा वाळलेली असतात. जे नावाचा पक्षी एका हंगामात अशी हजारो फळे जमिनीत पुरतो आणि त्यांतली जी उकरायची राहून जातात त्यांतून ओक उगवतात. आपणही फळ त्याच्यासारखेच जमिनीत थोडे खाली दाबावे, वर उघडे ठेवू नये.

प्रश्न: वड, उंबर, पिंपळ यांच्या फांद्या लावणे सोपे असताना बियांपासून रोपे करण्याचा खटाटोप का करावा? आणि करायचाच तर कसा?

फांदीपासून केलेले झाड हे मूळ झाडाचीच प्रत असते. एका वडाच्या शंभर फांद्या लावल्या तर पाने कधी फुटायची, फळे कधी धरायची, रोगाला किती तोंड द्यायचे, हे सगळे त्या शंभरांचे सारखेच. या कुळातल्या झाडांचे वन्यजीवांच्या दृष्टीने मोठे मोल असे की त्यांच्या फळांचे हंगाम झाडागणिक मागेपुढे असतात आणि रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हाही एखादा वड किंवा उंबर फळांनी लगडलेला सापडतो. जगभरात 1,200 हून अधिक जातींचे पक्षी व सस्तन प्राणी या कुळातली फळे खातात. हा मागेपुढेपणा टिकवायचा तर बियांनाच पर्याय नाही.

आता कृती. फळ झाडावर पिकलेले किंवा नुकतेच गळलेले घ्यावे. आतल्या फुलांचे परागण फळात शिरणारी चिमुकली गांधीलमाशी करते आणि बहुधा प्रत्येक जातीची माशी वेगळी असते. ती माशी ज्या प्रदेशात नाही तेथे फळ दिसले तरी त्यात रुजणारे बी नसते. भुईउंबरासारख्या जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, तेव्हा नर झाडाची फळे फोडून उपयोग नाही. फळ पाण्यात कुस्करावे, तरंगणारा चोथा आणि पोकळ बी ओतून द्यावे, तळाशी बसलेले बी बारीक गाळणीतून गाळून एक-दोन दिवस सावलीत सुकवावे. हे बी खसखशीएवढे असते.

सुरुवातीच्या वर्षांत मी हे बी मातीखाली झाकत असे आणि उगवण शून्य येत असे. पुढे एका जुन्या भिंतीच्या फटीत पिंपळाची रोपे पाहिली, तेव्हा चूक ध्यानात आली: पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले हे बी उघड्यावर, उजेडातच रुजते. तेव्हापासून विटांचा चुरा, वाळू आणि कोळशाची भुकटी यांचे मिश्रण ट्रेमध्ये भरून मी बी वरून नुसते भुरभुरतो, मातीने झाकत नाही. वरून पाणी घातले तर बी वाहून जाते, म्हणून ट्रे उथळ पाण्यातल्या विटांवर ठेवून खालून ओल चढू द्यावी. मुंग्या बी पळवतात. ट्रेखालच्या विटा पाण्यातच राहिल्या तर तोही प्रश्न मिटतो. तीन ते आठ आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी दले दिसू लागतात. याच अवस्थेत रोपे कोलमडण्याचा रोग येतो. दाट पेरणी आणि कोंडलेली हवा टाळली की तो बराच आटोक्यात राहतो. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर रोपे चमच्याने उचलून पिशवीत लावावीत, देठाला चिमटीत धरू नये. आणि लागवडीची जागा घरापासून, विहिरीपासून दूर निवडावी, हे सांगायला नकोच.

प्रश्न: पिशवीत रोप करावे की थेट जागेवर बी टोकावे?

मोठे बी, लवकर खोल जाणारे सोटमूळ आणि उंदीर-घुशींचा उपद्रव कमी असलेली जागा असेल, तर थेट टोकणी उत्तम. बियांच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल टोकावे आणि वर काटेरी फांद्या टाकाव्यात. बी बारीक किंवा दुर्मीळ असेल तर रोपवाटिकेशिवाय इलाज नाही.

पिशवीचा धोका मुळांना असतो. मी लावलेले बेहड्याचे एक झाड नवव्या वर्षी एका वादळात आडवे झाले. बुंध्याखाली पाहिले तर मुळांचा वेढा थेट पिशवीच्याच आकाराचा होता. सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळले होते ते तसेच गोल फिरत जाडजूड झाले होते. रोप पिशवीत गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याची ही किंमत होती. लावताना वळलेली मुळे धारदार कात्रीने कापावीत, किंवा खाली उघड्या आणि आतून उभ्या कडा असलेल्या रूट ट्रेनरमध्ये रोपे करून ती जमिनीपासून उंच मांडावर ठेवावीत. हवेत आलेले मुळाचे टोक आपोआप वाळते आणि नवी मुळे फुटतात.

प्रश्न: गावाबाहेर एकच भरघोस मोह आहे. त्याच्या बियांपासून दोनशे रोपे केली तर चालेल का?

रोपे होतील, पण ती सगळी एकमेकांची भावंडे असतील. पुढे त्यांचे परागण आपसांतच झाले की कमकुवत बी धरण्याची शक्यता वाढते. शक्य तर 30 ते 50 झाडांवरून, आणि तीही एकमेकांपासून दूर उभी असलेली निवडून, थोडे थोडे बी घ्यावे. एकूण बियांच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त उचलू नये, कारण ज्या प्राण्यांसाठी हा उद्योग चालला आहे त्यांचे ते आजचे अन्न आहे. झाडे पाच-सातच मिळाली तर तेवढ्यांचे घ्यावे, मात्र रोपांवर मातृवृक्षाची खूण ठेवून लावताना ती मिसळावीत.

प्रश्न: बीजगोळे टाकून डोंगर हिरवा करता येतो का?

बीजगोळा म्हणजे मातीच्या गोळ्यात बी घालून वाळवलेला गोळा. जपानी शेतकरी मासानोबु फुकुओका यांनी ही जुनी कल्पना धान्य आणि भाजीपाल्यासाठी पुन्हा रूढ केली. झाडांच्या बाबतीत मी फारसा आशावादी नाही. जांभळासारखे बी गोळा वाळताना मरते, कठीण कवचाचे बी संस्कार न करता घातले तर झोपूनच राहते, आणि खडकावर पडलेल्या गोळ्यातून आलेल्या कोंबाला मूळ घालायला जागा नसते. तेवढ्याच वेळात कुदळीने टोकलेले बी जास्त उगवते.

प्रश्न: आमच्याकडे मोकळे गवताळ माळरान आहे. तेथे दाट लागवड करून जंगल उभारावे असे अनेकजण सुचवतात. कोणत्या जाती निवडाव्यात?

आधी ते माळरान पूर्वी जंगल होते का, याची खात्री करून घ्यावी. नैसर्गिक गवताळ माळ ही पडीक जमीन नसते. माळढोक, चंडोल, धाविक, काळवीट, लांडगा यांना उघडी नजरच हवी असते. तेथे झाडे लावली तर अधिवास सुधारत नाही, नाहीसा होतो. असा माळ असेल तर माझे उत्तर लागवड करू नये असेच आहे.

जमीन खरोखर उजाड झालेल्या जंगलाची असेल, तर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने दर चौरस मीटरला तीन ते पाच रोपे लावण्यापेक्षा मला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये सुरू झालेली आणि थायलंडमध्ये चिआंग माई विद्यापीठाने पुढे नेलेली पद्धत जवळची वाटते. तीत 20 ते 30 स्थानिक जाती निवडतात: लवकर सावली धरणाऱ्या आणि लवकर फळून पक्ष्यांना बोलावणाऱ्या. रोपांमधले अंतर सुमारे 1.8 मीटर असते. बाकीच्या जाती पक्षी आणि वटवाघळे घेऊन येतात. निवड करताना केवळ फळांकडे पाहू नये. पिल्ले वाढवणाऱ्या बहुतेक छोट्या पक्ष्यांना अळ्या लागतात. चिकडी या उत्तर अमेरिकेतल्या छोट्या पक्ष्याच्या एका घरट्यातल्या पिल्लांना 6,000 ते 9,000 अळ्या लागतात असे मोजले गेले आहे. त्या अळ्या स्थानिक झाडांच्या पानांवर वाढतात. सुबाभूळ झपाट्याने वाढते म्हणून कोणी सुचवले तर नकार द्यावा. जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक जातींच्या यादीत ती आहे.

प्रश्न: रोपे लावून दोन वर्षे झाली. प्राणी केव्हा येतील?

कदाचित आलेही असतील. पानांच्या कडांना कोणी गोल तुकडे कापून नेले आहेत का पाहावे. पानकापी मधमाशी घरटे बांधण्यासाठी ते नेते. बहाव्याच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नये, त्या पिवळसर फुलपाखरांच्या आहेत. धनेशासारख्या पक्ष्यांना ढोलीसाठी जाड बुंधे लागतात आणि त्याला अनेक दशके जातात. म्हणून परिसरात एखादे मेलेले झाड उभे असेल तर ते तोडू नये.

तोवर पक्ष्यांना बसायला बांबूच्या आडव्या काठ्या उभ्या कराव्यात. बुलबुल, तांबट, कोकीळ तेथे बसतात आणि खाल्लेल्या फळांचे बी खाली टाकतात. पावसाळ्यानंतर काठ्यांखाली न पेरलेली रोपे दिसतील. ती तण समजून उपटण्यापूर्वी ओळखून घ्यावीत. घाणेरीही याच वाटेने येते, ती मात्र वीतभर असतानाच मुळासकट काढावी.