जेनेरिक मेथडला फक्त एनमच चालावा, ही अट कंपाईल होतानाच घालता येते का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: सी-शार्पमध्ये मजकुरावरून एनमची (ठरावीक नावं दिलेल्या व्हॅल्यूंचा टाइप) व्हॅल्यू काढणारी जेनेरिक मेथड तुम्ही लिहिली आहे, म्हणजे टाइपच्या जागी ‘टी’ ठेवून, वापरताना हवा तो टाइप देता येणारी. कुणी टीच्या जागी इन्ट (पूर्णांकाचा टाइप) दिला तरी कोड बिनतक्रार कंपाईल होतो. मग प्रोग्राम चालू असताना आतला ‘टाइपऑफ(टी).इजएनम’चा इफ एक्सेप्शन फेकतो. ही चूक बिल्डलाच पकडायची आहे.

पकडता येते, सी-शार्प ७.३ पासून, म्हणजे २०१८ पासून. सिग्नेचरच्या शेवटी ‘व्हेअर टी : स्ट्रक्ट, एनम’ लिहा आणि आतला तो इफ सरळ काढून टाका. आता इन्ट दिला की कंपायलर सीएस०३१५ ही एरर देईल: इन्टचं सिस्टिम.एनममध्ये बॉक्सिंग, म्हणजे रेफरन्स टाइपमध्ये रूपांतर, होत नाही. भाषा जरा जड आहे, पण एरर बरोबर त्या कॉलच्या ओळीवर येते, आणि तेच तर हवं आहे.

नुसतं ‘एनम’ लिहून भागेल असं वाटतं, पण भागत नाही. सिस्टिम.एनम हा सगळ्या एनमांचा बेस क्लास. तो स्वतः ॲबस्ट्रॅक्ट आहे आणि रेफरन्स टाइप आहे. त्यामुळे टीच्या जागी कुणी खुद्द ‘एनम’ लिहिलं तरी अट पुरी होते! ‘स्ट्रक्ट’ (म्हणजे फक्त व्हॅल्यू टाइपच चालतील) जोडलं की ही पळवाट बंद. शिवाय ‘टी?’ म्हणजे नलेबल टी असा पक्का अर्थ लागतो, त्यामुळे व्हॅल्यू सापडली नाही तर नल परत करता येतो.

जुन्या प्रोजेक्टांत ‘स्ट्रक्ट, आयकन्व्हर्टिबल’ असा कन्स्ट्रेंट (टीवरची अट) दिसेल. ७.३ च्या आधी एनमला कन्स्ट्रेंट म्हणून लिहिणं हीच एरर होती. रनटाइमची त्याला हरकत नव्हती, मनाई फक्त भाषेची होती. म्हणून लोकांनी जवळात जवळचं काय ते वापरलं. पण इन्ट, डबल, डेटटाइम हे सगळे त्या अटीत बसतात, तेव्हा ती ओळ दिसली की बदलाच. डॉटनेटच्या लायब्ररीतसुद्धा जुनी खूण शिल्लक आहे: मजकुरावरून एनमची व्हॅल्यू काढणाऱ्या एनम.ट्रायपार्सवर अजून फक्त ‘स्ट्रक्ट’ची अट आहे, त्यामुळे त्याला इन्ट दिला तर बिल्ड होतो आणि चालवताना आर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं. डॉटनेट ५ मध्ये आलेल्या जेनेरिक गेटव्हॅल्यूजवर (एनमच्या सगळ्या व्हॅल्यू देणारी मेथड) मात्र दोन्ही अटी आहेत.

हा बदल केलात की तुमची मेथड वापरणाऱ्या इतर जेनेरिक मेथडही कंपाईल व्हायच्या थांबतील, कारण त्यांनाही तीच अट लिहावी लागते. कंटाळा येईल, पण लिहाच. त्यातून सुटायला रिफ्लेक्शनचं (प्रोग्राम चालताना टाइप हाताळायची सोय) मेकजेनेरिकमेथड वापरलंत तर तपास पुन्हा रनटाइमला गेला, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. टाइप खरोखरच प्रोग्राम चालताना कळणार असेल तेवढ्याच ठिकाणी तो मार्ग घ्या.

एक गोष्ट मात्र कुठलाही कन्स्ट्रेंट करणार नाही. समजा ऑर्डरस्टेटस या एनममध्ये ०, १ आणि २ एवढ्याच व्हॅल्यू आहेत. ट्रायपार्सला ‘९९’ हा मजकूर द्या: उत्तर ट्रू येतं आणि हातात ९९ व्हॅल्यूचा ऑर्डरस्टेटस पडतो. टाइप बरोबर, व्हॅल्यू बिनअर्थाची. कन्स्ट्रेंट टाइप तपासतो. मजकूर तर बाहेरून, प्रोग्राम चालू असताना येतो. म्हणून तुमच्या मेथडमध्ये पार्सनंतर एनम.इजडिफाइन्डचा (ती व्हॅल्यू एनममध्ये खरंच आहे का, हा) तपास ठेवा. फ्लॅग्ज असलेल्या (म्हणजे अनेक व्हॅल्यू एकत्र करता येणाऱ्या) एनमांना मात्र तो लावू नका: १ आणि २ एकत्र करून झालेल्या ३ ला स्वतंत्र नाव दिलेलं नसेल तर इजडिफाइन्ड फॉल्स म्हणतं, आणि तुमची रास्त व्हॅल्यू नाकारली जाते. अशा एनमांसाठी वेगळी मेथड ठेवलेली बरी, कारण फ्लॅग्ज ॲट्रिब्यूट आहे की नाही हे कन्स्ट्रेंटमध्ये लिहायची सोय सी-शार्पमध्ये नाही.