काळकुपीत थोडा पसाराही असू दे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा नीट वाचला. काळकुपीची, म्हणजे पुढच्या काळातल्या कुणी उघडावी म्हणून वस्तू भरून बंद केलेल्या पेटीची, कल्पना धरून तू चित्रं आणि वस्तूंची मांडणी करणार आहेस, याचा मनापासून आनंद झाला. पण सोबतची वस्तूंची यादी पाहून काळजीही वाटली. यादी फार शहाणी आहे. आजचा फोन, आजचं वर्तमानपत्र, येणाऱ्या पिढ्यांना संदेश. सगळं बरोबर आहे, पण त्यात तू कुठेच सापडत नाहीस.

१९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी वेस्टिंगहाऊस कंपनीने केलेली कुपी तुला माहीत असेलच. २३ सप्टेंबर १९३८ला ती जमिनीत सुमारे १५ मीटर खोल उतरवली गेली. उघडायची आहे ६९३९ साली. आत मायक्रोफिल्म, बिया, गजराचं घड्याळ, एक बायकी टोपी. प्रदर्शनाचा सूर उद्याच्या सुखाचा होता. पण त्याच कुपीत आइन्स्टाइनचं एक लहानसं पत्र आहे. वेगवेगळ्या देशांतली माणसं अधूनमधून एकमेकांना मारतात, त्यामुळे भविष्याचा विचार करणाऱ्याला भीतीतच जगावं लागतं, अशा आशयाचं. वर्षभरात महायुद्ध पेटलं. त्या कुपीतलं मला आजही पुन्हा वाचावंसं वाटतं ते हे पत्र. बाकीचा ऐवज युगाचं चित्र रंगवतो, पत्रात मात्र एका माणसाची काळजी आहे.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण घे. उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा नावाचा रोमन लष्करी तळ होता. तिथल्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं टिकून राहिली. १९७३पासून ती सापडू लागली. त्यातलं एक साधारण इ. स. १००च्या सुमाराचं. क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते आहे. मजकूर लेखनिकाच्या वळणदार हातचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत, जरा अडखळत्या अक्षरात. स्त्रीच्या हातचं इतकं जुनं लॅटिन लेखन फार थोडं उरलं आहे. भविष्याला काही सांगायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिला फक्त मैत्रीण यायला हवी होती. त्या बदललेल्या अक्षरात मला तिची ओढ दिसते, आणि एवढ्या शतकांनंतरही त्याला कुणाच्या स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

तुझ्या कामाचा गाभा मला इथे दिसतो. कुपी उघडेल तेव्हा समजावून सांगायला तू तिथे नसशील. चित्राचं, कवितेचंही तेच असतं. म्हणून प्रत्येक वस्तू निवडताना स्वतःला विचार, माझ्यावाचून ही काय बोलेल? कोरा करकरीत फोन काही बोलणार नाही. तडा गेलेली काच, मागे चिकटवलेला कागदाचा तुकडा, त्यावर घाईत लिहिलेला नंबर, हे बोलेल.

याचा अर्थ सगळंच कोंबायचं असा घेऊ नकोस. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९७४पासून टेबलाशेजारी पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्यात रोजचं टपाल, बिलं, कात्रणं, आमंत्रणं टाकायला सुरुवात केली. खोकं भरलं की बंद करायचं, पाठवून द्यायचं, नवं घ्यायचं. १९८७ला तो गेला तोवर अशा ६१० कुप्या झाल्या होत्या. आज त्या पिट्सबर्गच्या त्याच्या संग्रहालयात आहेत. मला त्या आवडतात, कारण न निवडणं हीच तिथे निवड आहे आणि ती त्याने वर्षानुवर्षं निष्ठेने पाळली. ते व्रत आहे. एका प्रदर्शनापुरतं ते उचललंस तर नुसती अडगळ दिसेल.

एक धोकाही सांगून ठेवतो. हे रूपक गोड आहे, त्यामुळे कुठेही चिकटवलं जातं. आठवण म्हणजे काळकुपी, असं तुझ्या टिपणात आहे. ते काढून टाक. आठवण बंद नसते. प्रत्येक वेळी बाहेर काढली की ती थोडी बदलते, नंतर घडलेल्या गोष्टी तिला लागतात. कुपीचं मर्म बंद असण्यात आहे. म्हणून रोजच्या जगण्यात तिच्या खऱ्या जवळ जातो तो घरातल्या कुणाचा सहज टिपलेला आवाज. कॅमेऱ्यासमोर बसवून आयुष्याबद्दल बोलतं केलेलं नव्हे. कुणालातरी हाक मारताना, हिशेब लावताना, रागावताना निघालेला. तसं एखादं ध्वनिमुद्रण तुझ्याकडे असेल तर ते या कामात हवंच.

अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रित तबकडीचा तू ओझरता उल्लेख केला आहेस. तिथे थोडं थांब. १९७७मध्ये निघालेल्या त्या तबकडीवर ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, त्यात मराठीही आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये बाई गेल्या. ऐकणारा कोण, त्याला कान तरी असतील का, कुणालाच ठाऊक नाही. तरी गाणं पाठवताना ते अर्धवट गायलेलं पाठवलं नाही.

कामाच्या गोष्टी थोडक्यात. पाणी हा कुपीचा सर्वांत मोठा शत्रू. अमेरिकेतल्या तल्सा शहरात १९५७ला नवी कोरी मोटार काँक्रीटच्या तळघरात पुरली होती. २००७ला उघडलं तेव्हा आत पाणी शिरून ती गंजलेली निघाली. रबरबँड आणि लोखंडी पिना कागदाजवळ नकोत, बॅटरी तर मुळीच नको. वर्तमानपत्राचा कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो, शेजारच्या कागदालाही डागाळतो, तेव्हा तो वेगळा ठेव. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख, जागा आणि माणसांची नावं लिही. पेन ड्राइव्हवर विसंबू नकोस, तो वाचणारं यंत्र तेव्हा असेलच असं नाही.

शेवटी तू विचारलं होतंस, कुणी पाहणारच नसेल तर जीव ओतून का करायचं. ओस्लोजवळच्या जंगलात केटी पॅटरसन या कलावतीने २०१४ला १००० झाडं लावून घेतली. दरवर्षी एक लेखक हस्तलिखित देतो. ते सगळं छापलं जाईल २११४ला, त्याच झाडांच्या कागदावर. पहिलं हस्तलिखित कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी दिलं. दाद मिळणार नाही हे माहीत असूनही लेखक लिहून देतात. मला वाटतं, दाद बाजूला ठेवली की लिहिणाऱ्याला काही गोष्टी खऱ्या लिहिता येतात. तुझ्या मांडणीतला एक लिफाफा तू तसाच ठेव. प्रदर्शनातही न उघडणारा, आणि त्यात काय आहे ते मलाही सांगू नकोस.

बाकीची यादी मात्र नव्याने करून पाठव. या वेळी प्रत्येक वस्तूपुढे ती कोणासाठी ठेवली आहेस ते लिही. 'पुढच्या पिढीसाठी' असं लिहिलेलं चालणार नाही, एखादा माणूस डोळ्यांसमोर आण.

सस्नेह,
तुझा सर