प्रेमकथा आणि पर्यावरणाचा लढा एकाच कादंबरीत कसा गुंफावा? भाषणबाजी कशी टाळावी?

बहुतेक मसुदे एकाच जागी फसतात. नायक-नायिका मोर्चात भेटतात, दोघांची मतं तंतोतंत सारखी, म्हणजे भांडायला उरते फक्त ती दुष्ट कंपनी. प्रेमातला ताण संपतो आणि पानोपानी भाषणं सुरू होतात.

जमिनीचा वाद थेट त्या दोघांच्या मधे आणून ठेवा. अमेरिकन लेखिका बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या 'प्रॉडिगल समर' या कादंबरीत (2000) डिॲना जंगलात एकटी राहून कायोटींचा (लांडग्याच्या कुळातले तिकडचे प्राणी) माग काढते, आणि तिचं मन जडतं ते एडी बोंडोवर, जो कायोटींच्या मागावर असलेला शिकारी आहे. त्यामुळे दोघं जवळ आली तरी वाद मिटत नाही.

जमिनीशी नातं वर्णनातून येत नाही (पहिल्या पावसाचा मृद्गंध तर आता पुरे). पात्राला तिथं हातानं करायचं काम द्या: बांध घालणं, बियाणं राखणं, विहिरीचं पाणी मोजणं. 'दोरीला गेल्या उन्हाळ्याची गाठ होती, पाणी तिच्याही दोन हात खाली गेलं होतं' हे एक वाक्य आकडेवारीच्या अख्ख्या परिच्छेदाला भारी पडतं. संवादात माहिती तीन ओळींच्या पुढे गेली, तर ती पात्राऐवजी लेखक बोलतोय असं समजून कात्री लावा.

लढ्याची प्रक्रिया मात्र अचूक हवी: नोटीस, हरकतीची मुदत, जनसुनावणी, स्थगिती. या तारखांमुळे कथेला आयती गती मिळते. शेवटी खटला आणि लग्न एकाच प्रकरणात निकाली काढू नका. एक साधताना दुसऱ्याची काय किंमत मोजावी लागली, ते दिसू द्या.